सुतळीचं मानक एकच, तरी तिला न्हावा-शेवाचा वळसा का?

बांगलादेशात तयार झालेली तागाची सुतळी कोलकात्याच्या व्यापाऱ्याला पाठवायची, तर सरळ रस्ता आहे. बेनापोलपर्यंत ट्रक आणायचा, सीमेपलीकडे पेट्रापोलला कागदपत्रं दाखवायची, तिथून कोलकाता साधारण ८० किलोमीटर.

२०२५ मध्ये हा रस्ता बंद झाला. भारताच्या विदेश व्यापार महासंचालनालयानं २७ जूनला बांगलादेशातून येणारा ताग, तागाचं सूत आणि काही प्रकारचं तागाचं कापड जमिनीवरच्या सीमेवरून आणायला मनाई केली. ११ ऑगस्टला या यादीत सुतळी, दोरखंड, पोती आणि पिशव्यांची भर पडली. माल आणायचाच असेल तर एकाच बंदरातून, आणि ते बंदर म्हणजे आपलं न्हावा-शेवा. म्हणजे जहाज बंगालच्या उपसागरातून निघणार, श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात येणार आणि उरणजवळ माल उतरवणार. गिऱ्हाईक कोलकात्यातलंच असेल, तर तोच माल पुन्हा साधारण दोन हजार किलोमीटर पूर्वेला न्यायचा.

यात एक गंमत आहे. दक्षिण आशियातल्या देशांनी एकत्र बसून ज्या मोजक्या वस्तूंसाठी सामाईक मानक तयार करायला सुरुवातीलाच घेतलं, त्यात गोणपाट आणि तागाची सुतळी या दोन्ही होत्या. व्यापारातले अडथळे कमी व्हावेत, हाच त्यामागचा हेतू होता.

मग त्या मानकाचं झालं काय? आणि देशादेशांच्या मानक संस्था एकत्र आल्यानं व्यापार खरंच सोपा होतो का?

पायली कुणाची?

मानक म्हणजे काय हे समजून घ्यायला फार लांब जायला नको. आपल्याकडे शेर, पायली, मण अशी मापं होती आणि ती गावागणिक बदलायची. एका बाजारातली पायली दुसऱ्या बाजारात भरेलच असं नव्हतं. १९५६ च्या कायद्यानं देशभर किलो-लिटर आले आणि हा घोळ हळूहळू मिटला. पुण्यातल्या व्यापाऱ्यानं लातूरहून एक क्विंटल तूर मागवली, तर 'तुमचा क्विंटल की आमचा?' असं आता कुणी विचारत नाही.

दोन देशांमध्ये मात्र हा प्रश्न रोज विचारला जातो. बिस्किटात ओलावा किती चालेल? विजेच्या वायरीचं आवरण किती तापमान सोसेल? सुतळी किती वजनाला तुटेल? प्रत्येक देशाची मानक संस्था याची उत्तरं लिहून ठेवते. भारतात हे काम बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरो करतो, बांगलादेशात बीएसटीआय, श्रीलंकेत एसएलएसआय. खाद्यपदार्थांसाठी आपल्याकडे एफएसएसएआय आहेच; घरातल्या कुठल्याही पुड्याच्या मागे तिचा परवाना क्रमांक सापडेल.

उत्तरं वेगवेगळी असली की कारखानदाराला प्रत्येक देशासाठी वेगळा माल करावा लागतो. ती एकसारखी करणं ही झाली पहिली पायरी.

पण खरी अडचण पुढे आहे. समजा दोन्ही देशांनी ठरवलं की सुतळी अमुक वजन पेललीच पाहिजे. ती तेवढं पेलते हे तपासलं कुणी? कोणत्या यंत्रावर? ते यंत्र बरोबर मोजतं हे कुणी पाहिलं? आणि ढाक्यातल्या प्रयोगशाळेनं 'पास' असा शिक्का मारला, तर कोलकात्याच्या अधिकाऱ्यानं तो का मानावा?

त्यामुळे मानकामागे एक अख्खी साखळी उभी असते. एक संस्था मानक लिहिते, दुसरी माल तपासते. तपासणाऱ्या प्रयोगशाळेची लायकी तिसरी संस्था तपासते. भारतात हे काम एनएबीएल करते. आणि या तिसऱ्या संस्थाही एकमेकींची तपासणी करतात. आशिया-पॅसिफिकमध्ये त्यासाठी एपीएसी नावाचा गट आहे, जो २०१९ मध्ये दोन जुन्या गटांच्या विलीनीकरणातून तयार झाला. सामान्य माणसाच्या कानावर ही नावं कधी पडत नाहीत. पण यातली एक कडी जरी तुटकी असली, तरी सीमेवर ट्रक थांबतो.

ढाक्यातलं कार्यालय

दक्षिण आशियात हे जमवण्यासाठी सार्क देशांनी सार्सो म्हणजे दक्षिण आशियाई प्रादेशिक मानक संघटना स्थापन केली. २००८ च्या कोलंबो परिषदेत करार झाला. सगळ्या सदस्य देशांची संमती मिळून तो ऑगस्ट २०११ मध्ये लागू झाला आणि ढाक्यातलं कार्यालय प्रत्यक्ष सुरू व्हायला एप्रिल २०१४ उजाडलं. फक्त कार्यालय उघडायला सहा वर्षं लागली, यावरून पुढच्या वेगाचा अंदाज येतो.

कामाची विभागणी मात्र समजूतदार होती. अन्न आणि शेतमाल, ताग-कापड-चामडं, बांधकाम साहित्य, वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स, रसायनं अशा विषयांवर तज्ज्ञांच्या समित्या नेमल्या. सुरुवातीला हाती घेतलेल्या वस्तूही या भागाच्या रोजच्या जगण्यातल्या होत्या: साखर, बिस्किट, सुती कापड, गोणपाट, सुतळी.

मधल्या काळात, नोव्हेंबर २०११ मध्ये मालदीवच्या अड्डू शहरातल्या परिषदेत आणखी दोन करारांवर सह्या झाल्या. एक प्रादेशिक मानकं अमलात आणण्याचा. दुसरा एकमेकांच्या तपासणीला मान्यता देण्याचा, आणि खरा जीव या दुसऱ्यात आहे. तो पूर्णपणे उतरला असता, तर ढाक्यात तपासलेला माल कोलकात्यात पुन्हा तपासायची गरज राहिली नसती.

पण सह्या करणं वेगळं आणि समोरच्या देशाचा कागद आपल्या सीमाशुल्क अधिकाऱ्यानं विनातक्रार स्वीकारणं वेगळं. सार्कमध्ये प्रत्येक निर्णय एकमतानं घ्यावा लागतो. शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूत झाली. २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर भारतानं इस्लामाबादच्या परिषदेतून माघार घेतली, इतर देशही मागे हटले आणि ती परिषद झालीच नाही. म्हणजे सार्सोचं कार्यालय सुरू झालं त्याच वर्षी तिच्या वरच्या मजल्यावरचे दिवे मालवले गेले. समित्यांच्या बैठका होऊन मानकं तयार होऊ शकतात. पण ती मानायला आपापल्या यंत्रणांना भाग पाडणं राजकीय नेतृत्वाच्याच हातात असतं.

याची किंमत किती? जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार दक्षिण आशियाई देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के होता. आग्नेय आशियातल्या आसियान देशांमध्ये हे प्रमाण साधारण २५ टक्के. आपापसात २३ अब्ज डॉलरचा व्यापार होत होता, तो ६७ अब्जांपर्यंत जाऊ शकला असता. भारतीय कंपनीला शेजारच्या देशाशी व्यापार करण्यापेक्षा ब्राझीलशी करणं सुमारे २० टक्के स्वस्त पडतं, असंही त्यात म्हटलं होतं. याला एकटी मानकं जबाबदार नाहीत. रस्ते, जकात, व्हिसा, राजकारण सगळंच आहे. तरी पुन्हा पुन्हा होणारी तपासणी हा त्यातला मोठा भाग आहे. सीमेवर प्रयोगशाळा नसली की नमुना शहरात जातो आणि अहवाल येईपर्यंत माल गोदामात किंवा ट्रकमध्येच पडून राहतो. नाशवंत माल असेल तर नुकसान कुणाचं, हे सांगायला नको.

नाशिकची द्राक्षं आणि फ्रेंच दारू

हे जमलं की काय होतं, ते नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना विचारावं. युरोपीय महासंघात फळांवर कीटकनाशकाचा किती अंश चालेल, याच्या मर्यादा सप्टेंबर २००८ पासून सगळ्या सदस्य देशांसाठी एकच आहेत. त्यामुळे निफाड-दिंडोरीहून निघालेला कंटेनर नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला उतरला आणि आत गेला की तोच माल जर्मनीतल्या दुकानात जायला नवी सीमा नाही, नवी तपासणी नाही. एक नियमावली पाठ केली की २७ देशांचं दार उघडतं.

ही नियमावली कडक आहे आणि तिचा चटकाही बसला आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे बागायतदारांच्या बोलीत सीसीसी, या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि निर्यातदारांचं मोठं नुकसान झालं. पण त्यानंतर कोणत्या रसायनासाठी तपासायचं, कुठे तपासायचं, हे स्पष्ट झालं. नियम कडक असला तरी एकच असेल आणि आधी माहीत असेल, तर शेतकरी त्याच्याशी जुळवून घेतो. (युरोपातली मोठी दुकानं कायद्यापेक्षाही कडक अटी घालतात, ती वेगळी डोकेदुखी.)

युरोपही या टप्प्यावर सहज आला नाही. १९७० च्या दशकात एका जर्मन आयातदाराला फ्रान्समधून 'कॅसिस द दिजों' ही काळ्या मनुकांची, म्हणजे ब्लॅककरंटची दारू आणायची होती. तिच्यात अल्कोहोल १५ ते २० टक्के. जर्मन नियमानुसार अशा दारूत किमान २५ टक्के हवं. जर्मन सरकारचा युक्तिवाद असा की हलकी दारू सहज मिळू लागली तर लोकांना पिण्याची सवय लागेल! युरोपच्या न्यायालयानं १९७९ मध्ये हे फेटाळलं. एका सदस्य देशात कायदेशीरपणे तयार होऊन विकली जाणारी वस्तू दुसऱ्या सदस्य देशानं सबळ कारण असल्याशिवाय अडवू नये, हे तत्त्व तिथून रूढ झालं.

त्याच्या जोडीला मानक संस्थांचं एक शिस्तशीर काम आहे. सेन आणि सेनेलेक या युरोपच्या प्रादेशिक मानक संस्था. त्यांनी एखादं युरोपीय मानक मंजूर केलं की सदस्य देशांच्या संस्थांना ते स्वीकारावं लागतं आणि त्याच्याशी विसंगत असलेलं आपलं जुनं राष्ट्रीय मानक मागे घ्यावं लागतं. नवं आणि जुनं दोन्ही शेजारी शेजारी ठेवायची मुभा नाही. आणि कुणी ऐकलं नाही तर वर न्यायालय आहे. सार्सोच्या डोक्यावर असं काहीच नाही.

केनियाचा मका

सामाईक मानक असूनही गाडी कशी अडते, याचं उदाहरण पूर्व आफ्रिकेत सापडतं. तिथल्या देशांनी मक्यासाठी एकच मानक ठरवलं आहे. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीतून तयार होणारं विष मक्यात १० पीपीबीपेक्षा जास्त नको. केनिया, युगांडा, टांझानिया, सगळ्यांना हा आकडा मान्य.

तरी ५ मार्च २०२१ ला केनियानं युगांडा आणि टांझानियाचा मका एका पत्रानं बंद केला. कारण, अफ्लाटॉक्सिन जास्त सापडतं. सीमेवर ट्रकच्या रांगा लागल्या, शेजारी भडकले आणि काही दिवसांतच केनियानं बंदी उठवून अटी घातल्या: आयातदारांची नोंदणी हवी आणि मालासोबत अफ्लाटॉक्सिन मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र हवं.

केनियाचा मुद्दा खोटा नव्हता. अफ्लाटॉक्सिननं माणसं मरतात. २००४ मध्ये केनियातच शंभरावर बळी गेले होते. पण १० च्या आकड्यावर एकमत होऊनही प्रश्न राहिला तो 'मोजलं कुणी?' हाच.

दरम्यान भारतात काय चाललं होतं?

एकीकडे सार्सोत बसून सामाईक मानकं लिहिली जात असताना दुसरीकडे भारतानं स्वतःची मानकं झपाट्यानं सक्तीची केली. यासाठी क्यूसीओ म्हणजे गुणवत्ता नियंत्रण आदेश काढले जातात. ज्या वस्तूवर असा आदेश निघतो, ती बीआयएसच्या परवान्याशिवाय देशात बनवताही येत नाही आणि आणताही येत नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०१४ पूर्वी असे १४ आदेश होते आणि त्यात १०६ वस्तू होत्या. २०२५ च्या सुरुवातीला आदेश झाले १८७ आणि वस्तू ७६९.

यातले अनेक आदेश ग्राहकाच्या फायद्याचे आहेत. मुलांच्या खेळण्यांवर २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, त्याला कुणी आई-बाप नावं ठेवणार नाहीत. पण परदेशी कारखान्याला परवाना हवा असेल, तर बीआयएसचे अधिकारी तिथे जाऊन पाहणी करतात, त्यांच्या प्रवासाचा खर्च कारखान्यानं करायचा, नमुने बीआयएसला मान्य असलेल्या प्रयोगशाळेतच तपासून घ्यायचे. मोठ्या जपानी कंपनीला हे परवडतं. नेपाळच्या तराईतल्या प्लायवूडच्या कारखान्याला ते जड जातं. परवाना मिळायला आणि नूतनीकरणाला लागणाऱ्या वेळाबद्दल नेपाळी उद्योगांनी तक्रारी केल्या आणि नेपाळ सरकारनं हा विषय भारतासोबतच्या व्यापार चर्चेतही मांडला.

फटका फक्त शेजाऱ्यांनाच बसला असंही नाही. पॉलिस्टरच्या धाग्यावर आणि त्याच्या कच्च्या मालावर असे आदेश आले, तेव्हा परदेशातून स्वस्त धागा मिळेनासा झाला. भिवंडी, इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावांत धाग्याच्या दरातला किलोमागे काही रुपयांचा फरकही नफा-तोटा ठरवतो. देशातल्या कापड उद्योगाच्या ओरडीनंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं पॉलिस्टर आणि प्लास्टिकशी संबंधित १४ वस्तूंवरचे आदेश मागे घेतले. ज्या मालाला काही दिवसांपूर्वी गुणवत्तेची सक्ती होती, त्याची ती एका अधिसूचनेनं संपली. मग ती सक्ती मुळात गुणवत्तेसाठी होती की आयात रोखण्यासाठी, असा प्रश्न पडणं साहजिक आहे.

पुन्हा सुतळीकडे

सुतळीच्या बाबतीत तर तेवढाही आडपडदा नाही. २०२५ च्या आदेशांत गुणवत्तेचा मुद्दाच नाही. त्यात फक्त कोणता माल कोणत्या बंदरातून यायचा एवढंच आहे. तागाचं खरं भांडण जुनं आहे. बांगलादेश सरकार ताग निर्यातदारांना अनुदान देतं आणि त्यामुळे माल इथे अवाजवी स्वस्तात येतो, अशी भारतीय गिरण्यांची तक्रार. त्यावर भारतानं जानेवारी २०१७ मध्ये बांगलादेश आणि नेपाळच्या तागमालावर अँटी-डम्पिंग शुल्क लावलं आणि नंतर ते वाढवून पुढे चालू ठेवलं. भारतात सुमारे ४० लाख शेतकरी कुटुंबं तागावर अवलंबून असल्याचं सांगितलं जातं. त्यांच्यासाठी १९८७ चा कायदा आहे, ज्यामुळे ठरावीक माल तागाच्याच पोत्यात भरावा लागतो. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना हे वेगळं सांगायला नको, कारण २० टक्के साखर बारदानात भरायची अट त्यांच्या खर्चात दरवर्षी दिसते.

त्यात २०२५ मध्ये दोन्ही देशांचे संबंध बिघडले. एप्रिलमध्ये भारतानं बांगलादेशी मालाला भारतीय विमानतळ आणि बंदरांतून तिसऱ्या देशात जाण्यासाठी दिलेली सवलत काढून घेतली. त्याच महिन्यात बांगलादेशनं भारतीय सुताची जमिनीवरून होणारी आयात थांबवली. १७ मे रोजी भारतानं बांगलादेशी तयार कपड्यांना न्हावा-शेवा आणि कोलकाता ही दोनच बंदरं ठेवली आणि बिस्किटं, चिप्स, फळांची पेयं यांना आसाम, मेघालय, त्रिपुरा, मिझोरमच्या सीमा बंद केल्या. आगरतळ्याच्या दुकानात सहज मिळणारा बांगलादेशी बिस्किटाचा पुडा, ज्यासाठीही सार्सोनं मानक तयार करायला घेतलं होतं, सीमेपलीकडेच राहिला.

मानक संस्थांच्या सहकार्याची मर्यादा इथे दिसते. 'तुमचा माल चांगला आहे याची खात्री काय?' या प्रश्नाचं उत्तर त्या देऊ शकतात. 'तुमचा माल आम्हाला नकोच आहे' याला त्यांच्याकडे उत्तर नसतं. पण त्यांचा एक उपयोग फारसा बोलला जात नाही. सामाईक मानक आणि विश्वासार्ह तपासणी असली, की गुणवत्तेच्या आडून माल अडवणं कठीण होतं. अडवायचाच असेल तर उघडपणे, व्यापारी किंवा राजकीय निर्णय म्हणून अडवावा लागतो.

मग काही जमलंय का?

सगळं ठप्प आहे असंही नाही. आठ देशांचं एकमत होईना, तेव्हा दोघादोघांत काम सुरू झालं. जून २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी ढाक्याला गेले, तेव्हा बीआयएस आणि बीएसटीआय यांच्यात सहकार्याचा करार झाला. बीएसटीआयच्या प्रयोगशाळांना भारताच्याच एनएबीएलनं मान्यता दिली आणि काही ठरावीक खाद्यपदार्थांसाठी तिथले तपासणी अहवाल भारतात ग्राह्य धरायचं ठरलं. २०२५ च्या मे महिन्यापर्यंत ईशान्य भारतात येणाऱ्या मालाला याचा उपयोग होता.

भूतानबरोबरची गोष्ट त्याहून पुढे गेली. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एफएसएसएआय आणि भूतानच्या अन्न व औषध प्राधिकरणातल्या कराराला मंजुरी दिली. यात भारतानं अन्नपदार्थांवरचं भूतानच्या प्राधिकरणाचं नियंत्रणच मान्य केलं. भूतानी अधिकाऱ्यांनी एफएसएसएआयच्या निकषांनुसार माल तपासायचा आणि आरोग्य प्रमाणपत्र द्यायचं, ते भारतानं स्वीकारायचं. यासाठी सार्कची परिषद लागली नाही. भूतानमधून येणारा अन्नमाल आता निघतानाच हे प्रमाणपत्र सोबत घेऊन येतो आणि सीमेवर नमुना शहरात पाठवून वाट बघत बसायची वेळ त्याच्यावर येऊ नये, अशी ही व्यवस्था आहे.